अ‍ॅक्सोलॉटल आयुष्यभर पिल्लूच का राहतो, आयोडीन टाकलं तर मोठा होईल का?

तुम्ही विचारलंय की बडोद्यात पाळलेल्या तुमच्या अ‍ॅक्सोलॉटलला (मेक्सिकोतला, पाण्यात राहणारा सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी) दीड वर्ष झालं तरी कल्ले बाहेरच आहेत, आणि कुणीतरी सांगितलंय की पाण्यात आयोडीनचे थेंब टाका म्हणजे तो "पूर्ण" होईल. आधी हेच सांगतो, प्लीज टाकू नका. तो पूर्ण झालेलाच आहे. नर-मादी सोबत असतील तर या वयात अंडीसुद्धा होतात, एका वेळी शेकड्यांनी.

मी इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत झूलॉजी केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिल्लं बघा, म्हणजे टॅडपोल, आधी मागचे पाय बाहेर येतात, मग पुढचे, तोंड रुंद होतं, शेपूट अंगातच जिरते आणि मग ते पाण्याबाहेर पडतात. हे सगळं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनमुळे होतं. 1912 मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खायला घातली तर ते वेळेआधीच बदलून अगदी चिमुकले बेडूक झाले.

आता अ‍ॅक्सोलॉटलची गंमत अशी की त्याच्याकडे थायरॉइड ग्रंथी आहे, शरीराला ते हार्मोन कळतंही, पण मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून थायरॉइडला जो हुकूम जायला पाहिजे तो पुरेसा जातच नाही. म्हणून कल्ले राहतात, शेपटीवरचा पडदा राहतो, पापण्या येत नाहीत, आणि तरी प्रजननाचे अवयव मात्र वेळेवर तयार होतात. 1864 मध्ये मेक्सिकोहून काही अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेले, त्यातले सहा ओग्युस्त द्युमेरील या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाकडे आले, त्यांनी अंडी घातली म्हणजे हेच प्रौढ असं सगळ्यांनी धरलं, आणि पुढे त्यांच्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले गळून ते चक्क जमिनीवरचे सॅलॅमँडर झाले! आईबाप पाण्यात कल्ले घेऊन आणि पोरं फुफ्फुसांनी श्वास घेणारी, लोक चक्रावले असणारच. 1920 मध्ये ज्युलियन हक्सली या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने बैलाची थायरॉइड खायला घालून हाच बदल मुद्दाम घडवून दाखवला.

म्हणजे तुम्हाला सांगणाऱ्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, थायरॉइडच्या हार्मोनला आयोडीन लागतंच. पण डोसचा अंदाज घरी बसून येत नाही, जास्त झालं की जीव जातो, आणि बदल झालाच तर त्या काळात त्याची त्वचा, श्वास, खाणं सगळंच उलटंपालटं होतं, बरेच त्यातच दगावतात. आणि कशासाठी? मेक्सिको सिटीजवळच्या झोचिमिल्कोच्या तलावात बारा महिने पाणी, खायला भरपूर, तिथे जमिनीवर यायची गरजच नव्हती. तिथली परिस्थिती आता फार वाईट आहे ते वेगळं, बाहेरून सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे अंडी-पिल्लं खातात, पाणी घाण झालंय, 1998 च्या मोजणीत चौरस किलोमीटरला साधारण 6000 होते, 2014 पर्यंत 40 सुद्धा उरले नाहीत.

सगळ्यांचं सारखं नसतं हेही सांगतो. टायगर सॅलॅमँडर तळं आटायला लागलं की बदलून बाहेर पडू शकतो. उलट उत्तर अमेरिकेतल्या मडपपी नावाच्या सॅलॅमँडरला कितीही हार्मोन द्या, कल्ले जात नाहीत. स्लोव्हेनियाच्या गुहांमधला ओल्म नावाचा आंधळा सॅलॅमँडर पण असाच कल्ले घेऊन अनेक दशकं जगतो.

तुमच्या अ‍ॅक्सोलॉटलला खरा धोका आपल्या उन्हाळ्याचा आहे. मी दांडिया बाजारात राहतो, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेववत नाही, आणि याला पाहिजे 16 ते 18 डिग्री, 24 च्या वर गेलं की त्रास सुरू. नुसत्या पंख्यावर मे निघणार नाही, पाणी थंड ठेवणारा चिलर घ्याच, महाग आहे पण दुसरा उपाय नाही. रोज कल्ले बघत जा, पिसांसारखे मोकळे असतील तर ठीक, पुढच्या बाजूला वळलेले दिसले किंवा शेपटीचं टोक आकडा करून बसला तर आधी पाण्याचं टेंपरेचर मोजा, मग पाण्यातला अमोनिया (त्याच्या घाणीतून साठणारं विष) आणि फिल्टरचा प्रवाह फार जोरात नाही ना ते बघा. आणि हा प्राणी सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी लागते, केली नसेल तर वनखात्यात चौकशी करून घ्या.