नागपुरात राहून समुद्री मोहिमेवरच्या प्लँक्टन-कामाची तयारी होते का?

नागपूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी करताय, समुद्र दूर, आणि संशोधन जहाजावर प्राणिप्लवकांचं (पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक प्राण्यांचं, म्हणजे प्राणी-प्लँक्टनचं) काम करायचंय, असं तुम्ही लिहिलंय. तयारी नक्की होते, नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाण्यातसुद्धा. मोहिमेतले नमुने वाया जातात ते बहुतेक मोजमाप, फॉर्मॅलिन (नमुने टिकवणारं रसायन) आणि लेबल या तीन जागी. तिन्हींचा सराव गोड्या पाण्यात करता येतो. परवानगी तेवढी आधी घ्या.

समुद्रात साधारण २०० मायक्रॉन छिद्रांची जाळी वापरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तलावासाठी ५०-६० मायक्रॉनची घ्या, नाहीतर रोटिफर हे अगदी बारीक प्राणी निसटतात.

आधी मोजमाप. जाळीच्या तोंडाचा व्यास ५७ सेंमी असेल तर क्षेत्रफळ पाव चौरस मीटर होतं. १०० मीटरवरून सरळ वर ओढली की २५ घनमीटर पाणी गाळलं जातं. त्यात १५०० कोपेपॉड (कोळंबीच्या गटातले बारीक प्राणी) मिळाले तर घनमीटरला ६०. पण जहाज वाऱ्याने सरकतं आणि तार तिरकी होते. ३० अंश कलली तर १०० मीटर तार सोडूनही जाळी जेमतेम ८७ मीटरवर असते, गाळलेलं पाणी तेवढं कमी धरावं लागतं, आणि तोच घनमीटरचा आकडा ६० ऐवजी ६९ होतो. म्हणून प्रत्येक वेळी तारेचा कोन लिहायचा आणि तोंडाशी फ्लोमीटर (आत शिरणारं पाणी पंख्याच्या फेऱ्यांनी मोजणारं यंत्र) लावायचा. अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाचा बहर आला की छिद्रं बुजतात, पाणी आत न शिरता बाजूने वळतं. फ्लोमीटरचे फेरे कमी दिसले की ओळखावं.

जाळी वर आली की बाहेरून धुवा. तोंडातून पाणी ओतलं तर त्या पाण्यातले जीवही नमुन्यात जातात.

जपणूक हा सगळ्यांत नाजूक भाग. बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग आणि नमुन्यासह समुद्राचं पाणी ९ भाग घेतलं की सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड होतं. त्यात आम्ल मारणारा बोरॅक्स हवाच. फॉर्माल्डिहाइडपासून हळूहळू फॉर्मिक आम्ल बनतं आणि टेरोपॉड (पोहणाऱ्या गोगलगायी), फोरामिनिफेरा (एकपेशी जीव) यांची चुन्याची कवचं विरघळतात. काही महिन्यांनी बरणी उघडली तर ते प्राणी तिथे नव्हतेच असं वाटेल! प्लवकांनी बरणीचा पाव भागच व्यापावा. जास्त कोंबले तर सडतात. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मॅलिन नको. ९५ टक्के इथेनॉल वापरा आणि २४ तासांनी बदला, कारण प्राण्यांच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. फॉर्मॅलिन हाताळताना हातमोजे आणि खेळती हवा पाहिजेच.

लेबल पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका. शाई इथेनॉलमध्ये उतरते, बाहेरचं लेबल गळतं. वेळ मिनिटासह लिहा: अनेक प्रजाती रात्री वर येतात, दिवसा खोल जातात, त्यामुळे वेळेविना आकड्याला अर्थ उरत नाही.

ही काटेकोरपणाची हौस नाही. याच जाळीत माशांची अंडी आणि पिल्लं येतात. कुठला मासा कधी, कुठे वितो हे त्यांवरून कळतं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. असा काळ तपासून पाहायला हीच नोंद लागते.

अर्जासाठी गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ‘सागर संपदा’ हे जहाज चालवणारं कोचीचं केंद्र पाहा. अर्जात ‘समुद्राची आवड’ लिहिण्यापेक्षा स्वतः मोजलेल्या नमुन्यांचा तक्ता जोडा.