किल्ली फिरवली की नुसताच ‘टक्’ आवाज

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात लॉनसाठी बसून चालवायचे, पेट्रोलवरचे गवत कापायचे यंत्र आहे. पावसाळाभर ते शेडमध्ये झाकून ठेवले होते. आता किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि सेल्फ फिरत नाही. नवी बॅटरी घातल्यावर यंत्र काही दिवस चालले. मग पुन्हा तेच. मेकॅनिक सोलेनॉइड (स्टार्टरला बॅटरी जोडून देणारा चुंबकी स्विच) आणि स्टार्टर (म्हणजेच सेल्फ) दोन्ही बदलायला सांगतो. आमच्याकडे मल्टिमीटर आहे. काय करावे? – देखभाल समितीचे एक सदस्य, ठाणे

उत्तर : तूर्त काहीही विकत घेऊ नका. ‘टक्’ आवाज येतो, याचा अर्थ किल्लीकडून सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचते आहे; म्हणजे सीट, ब्रेकचे पेडल आणि पाती यांच्या सुरक्षा-स्विचवर संशय घेण्याचे फारसे कारण नाही. त्यांपैकी एखादा उघडा राहिला असता, तर सहसा आवाजच आला नसता. आवाज सलग ‘टकटकटक’ असा येत असता, तर बॅटरी उतरल्याची शंका आधी घ्यावी लागली असती.

यंत्र मोकळ्या जागेत उभे करा, ब्रेक लावा, पाती बंद ठेवा. एकाने सीटवर बसून किल्ली धरावी, दुसऱ्याने मीटर सांभाळावा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आकडा १२.४ च्या खाली असेल, तर आधी चार्जिंग करून घ्या. मग किल्ली ‘स्टार्ट’वर धरून पाहा. आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा स्टार्टर अडकला आहे. तो जवळजवळ जागचा हललाच नाही, तर स्टार्टरकडे करंट जातच नाही, आणि मला आपल्याकडे हीच शक्यता अधिक वाटते.

अशा वेळी मीटरची लाल पिन बॅटरीच्या धन खुंटावर (तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीवर, म्हणजे लगवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर) आणि काळी पिन स्टार्टरच्या जाड तारेच्या बोल्टवर टेकवून किल्ली फिरवा. मार्ग निर्दोष असेल, तर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आकडा दिसेल. बारा व्होल्टच्या आसपास दिसला, तर मार्ग त्याच पट्ट्यात तुटलेला आहे. मग सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर पिना टेकवून पाहा. ‘टक्’ वाजूनही तिथे बारा व्होल्ट राहत असतील, तरच सोलेनॉइडचे आतले संपर्क जळाले आहेत असे समजावे. त्यानंतर हीच चाचणी ऋण खुंट आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये करा. ओहम मोजून मात्र समाधान मानू नका, कारण तारेचा एखादाच धागा शाबूत असला, तरी मीटर शून्य दाखवतो, आणि तोच धागा स्टार्टरला लागणारा मोठा करंट वाहून नेऊ शकत नाही.

खाडीकाठच्या दमट, खारट हवेत चासीला (यंत्राच्या सांगाड्याला) बसवलेल्या ऋण तारेच्या लगखाली गंज धरतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, पण सोडवल्यावर लगची खालची बाजू तपकिरी निघते. साफ करताना बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. लग आणि चासी दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून, बोल्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीच्या खुंटांवरची पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुता येते.

नवी बॅटरी काही दिवसच टिकली, म्हणून चार्जिंगही पाहायलाच हवे. इंजिन पूर्ण गतीवर असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. आकडा साडेबारावरच राहून उतरत गेला, तर फ्यूज, रेग्युलेटरचा (चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या भागाचा) प्लग आणि रेग्युलेटरची बॉडी इंजिनाला नीट टेकली आहे का, हे पाहून मगच फ्लायव्हीलखालच्या स्टेटरकडे (चार्जिंगची वीज तयार करणाऱ्या वेटोळ्यांकडे) वळा. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून यंत्र सुरू करण्याचा मार्ग कुणी सुचवला, तर ठाम नकार द्या. त्यात सगळे सुरक्षा-स्विच डावलले जातात आणि पेट्रोलजवळ ठिणगी पडते.

प्रश्न : आमच्या बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राचे चाक खड्ड्यात गेले की इंजिन झटक्यात बंद पडते. सीटखालच्या स्विचच्या तारा थेट जोडल्या तर चालेल का? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. चालक खाली पडला, तर फिरणारी पाती थांबवणारा तोच स्विच आहे. शिवाय काही यंत्रांत सीट रिकामी झाली की हा स्विच मॅग्नेटोला (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या भागाला) अर्थ करतो, म्हणजे ठिणगी बंद करतो. तिथे तारा जोडल्या, तर इंजिन सुरूच होणार नाही. सीटची स्प्रिंग सैल झाली आहे का, स्विचचा दांडा पूर्ण दबतो का आणि त्याचा प्लग ढिला आहे का, हे तपासा. दांडा अडखळत असेल, तर त्याच मॉडेलचा नवा स्विच बसवून घ्या.