वडिलांसाठी टॅबलेट की लॅपटॉप?

प्रश्न : माझे ७४ वर्षांचे वडील केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक आहेत. व्हिडिओ कॉल, वृत्तपत्रवाचन आणि हयातीचा दाखला यांसाठी त्यांना काय घ्यावे?

उत्तर : टॅबलेट घ्यावा. साधारण अर्धा किलो वजनाचे हे उपकरण आरामखुर्चीत बसून हाताळता येते, अक्षरे दोन बोटांनी मोठी करता येतात आणि टंकलेखनाऐवजी मराठीत बोलूनही मजकूर लिहिता येतो. हात थरथरत असल्यास माउसची दुहेरी टिचकी किती छळते, हे पाहणाऱ्यालाच कळते. हयातीचा दाखला २०२१ पासून चेहरा पडताळणीने घरूनच देता येतो, मात्र त्यासाठी ५ मेगापिक्सेल किंवा अधिक क्षमतेचा कॅमेरा हवा, म्हणून अतिस्वस्त टॅबलेट टाळावा. वडिलांना दीर्घ लेखन करायचे असेल, तरच लॅपटॉपचा विचार करावा.