कोशिंबीर की कोसंबरी?

प्रश्न असा आहे : पुण्याकडून चिक्कोडीला सासरी आलेल्या एका ताईंच्या घरी काकडीच्या कोशिंबिरीला 'कोसंबरी' म्हणतात. हा कोशिंबिरीचा अपभ्रंश समजायचा का? आणि दही घालून केली तरी कोसंबरीच म्हणायचं का?

अपभ्रंश मुळीच नाही. कोसंबरी हा कानडीतला चांगला रुळलेला शब्द आहे आणि पदार्थही वेगळा आहे. मुगाची डाळ (कानडीत हेसरबेळे) भिजवून निथळायची, शिजवायची नाही. तिच्यात बारीक चिरलेली काकडी, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर घालून लिंबू पिळायचं आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. हरभऱ्याच्या डाळीचीही करतात. रामनवमीला पानकाबरोबर हीच वाटतात. आपल्याकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर कैरीची डाळ असते, ती आठवा. माझ्या मते कोसंबरीचं खरं नातं त्या डाळीशी आहे, पानातल्या डाव्या बाजूच्या कोशिंबिरीशी नंतर.

शब्दांचं नातं मात्र जवळचं दिसतं. आपली कोथिंबीर संस्कृत 'कुस्तुंबरी'वरून आली. 'कुस्तुंबुरु' हे रूप तर पाणिनीच्या सूत्रातही आहे. आता जोड्या लावून बघा : मराठीत कोथिंबीर-कोशिंबीर, कानडीत कोत्तंबरी-कोसंबरी. दोन्ही भाषांत हिरवा मसाला आणि कच्च्या भाजीचा पदार्थ यांची नावं अशी जुळावीत, हा योगायोग वाटत नाही. एकीने दुसरीचा शब्द बिघडवला असं म्हणायला तर काहीच आधार नाही.

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या मराठी घरांत हे दोन्ही शब्द ऐकू येणार, त्यामुळे गोंधळ होतो. मी तरी असा फरक करीन : डाळ-खोबरं असेल तर कोसंबरी, दही किंवा दाण्याचं कूट असेल तर कोशिंबीर. सासूबाई दह्यातलीलाही कोसंबरी म्हणत असतील तर जेवताना वाद घालू नये, पाककृती लिहिताना मात्र फरक ठेवावा.

यात 'खमंग काकडी' कुठे बसते? ती कोशिंबिरीतलीच, पण बिनदह्याची : भाजलेल्या दाण्यांचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, जिऱ्याची फोडणी. गार पदार्थाला 'खमंग' म्हणतात ते या दाण्यांमुळे आणि फोडणीमुळे. तिची काकडी किसायची नाही, चोचवायची. हातात धरून सुरीने उभे-आडवे घाव घालायचे आणि वरचा थर कापून घ्यायचा. किसणीने पाणी जास्त सुटतं. 'चोचवणे' हे क्रियापद नव्या पाककृतींतून गायब होत चाललंय. तिथे सरसकट 'बारीक चिरून' लिहितात.

पचडी हे तिसरंच प्रकरण. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांदा, काकडी यांची शेंगदाण्याचं कूट घालून पचडी करतात, आणि मराठीतही मुळ्याची, कोबीची पचडी कच्चीच. तेलुगूत मात्र पचडी म्हणजे चटणी, तेव्हा हैदराबादच्या पाहुण्याला विचारून वाढा.

लेखनाचं एक : कोशिंबीर दीर्घ, पण सामान्यरूपात 'कोशिंबिरीला', 'कोशिंबिरीत'. कोसंबरीत ही भानगडच नाही. मीठ दोन्हींत अगदी वाढताना घाला. आधी घातलं की काकडीचं पाणी सुटून डाळसुद्धा त्यात पोहते.