कुद्रेमुखचा डोंगर खाणीमुळे उघडा पडलाय का?

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत आम्ही मित्र कर्नाटकातल्या कुद्रेमुखला ट्रेकला जायचं म्हणतोय. पण फोटोत बघितलं तर वरचा डोंगर सगळा उघडा, नुसतं गवत, झाडं काय ती घळीत. तिथे लोखंडाची खाण होती म्हणे. मग मायनिंगने उजाड केलेला डोंगर बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: गोव्यातल्या खाणींच्या डिचोलीतल्या माणसाला ही शंका येणारच! पण ते गवत जंगल तोडून झालेलं नाही हो, हे डोंगर मुळात असेच असतात. माथ्यावर वारा तुफान, मातीचा थर पातळ, वर पाऊस वर्षाला ७,००० मिमीच्या आसपास, त्यामुळे उघड्या उतारावर मोठी झाडं फारशी टिकत नाहीत, तिथे गवतच माजतं, आणि जिथे घळ आहे, माती साठते, वारा कमी लागतो तिथे दाट बुटकं जंगल, त्याला शोला म्हणतात. पावसाचं पाणी जिरवून हळूहळू सोडायचं काम हे गवत आणि शोला मिळून करतात. तुंगा, भद्रा, नेत्रावती तिन्ही नद्या याच रांगेत उगम पावतात. त्यामुळे 'रिकामी जागा दिसली, लावा आकेशिया' असलं वृक्षारोपण तिथे उलट नुकसानीचं.

खाण होती हे खरंच. १९७६ मध्ये सरकारी कंपनी झाली, पैसा इराणचा यायचा होता, पण तिकडे क्रांती झाली आणि ते मागे हटले. आपल्या गोव्यासारखे खनिज वाहणारे ट्रक आणि बार्ज नव्हते तिथे, खनिज दळून पाण्यात कालवायचं आणि ६७ किमी पाइपलाइनने घाटाखाली थेट मंगळूरला, उरलेला गाळ लख्या धरणाच्या मागे. १९८७ मध्ये नॅशनल पार्क झालं तरी खाण चालूच! शेवटी सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये आदेश दिला आणि २००५ संपताना काम थांबलं. तुमची ट्रेकची वाट मात्र त्या खाणीतून जात नाही.

शिखर १,८९४ मीटर. मडगावहून कोकण रेल्वेने मंगळूर, पुढे कारकळवरून कळस, तिथून जीपने मुळ्ळोडी, चाल तिथूनच सुरू होते. चाल जाऊन-येऊन २० किमीच्या वर आहे, वर मुक्काम करायला देत नाहीत, म्हणून पहाटेच निघा. वनखात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढा, रोज ठरावीक लोकांनाच सोडतात आणि नाताळात गर्दी असणारच. पावसाळ्यात गेलात तर जळवा, तेव्हा डिसेंबर उत्तम.

प्रश्न: गोव्यातलं सर्वात उंच शिखर मोलेच्या नॅशनल पार्कात आहे ना?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: नाही गं. ते सोनसोगड, सत्तरीत, म्हादई अभयारण्यात, उंची साडेअकराशे मीटरच्या वर. गोव्यात नॅशनल पार्क एकच, मोलेचं, पण हे शिखर त्यात येत नाही.