'बिग स्टॅक'वाला दादागिरी करतो की रेटून खेळतो?

एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती पोकरवर मराठीत लिहितेय आणि एका वाक्यापाशी अडकलीये. टेबलावर एकाकडे बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट चिप्स आहेत, हातात काही असो नसो तो दर डावाला रक्कम वाढवतोय आणि समोरचे मुकाट्याने पत्ते टाकून देतायत. इंग्रजीत याला बिग स्टॅकने टेबलाला बुली करणं म्हणतात. तिने लिहिलं, "मोठा ढीग असलेला खेळाडू टेबलावर दादागिरी करतो", आणि मग ते तिलाच खटकलं. दादागिरी चालेल का, की दांडगाई म्हणू, की सरळ आक्रमक खेळ लिहून मोकळी होऊ?

खटकलं ते बरोबरच खटकलं गं, आणि माझ्या मते त्यात ढीगसुद्धा बदलायला हवा.

आधी ढीगच घेऊ, कारण तो सोपा आहे. लहानपणी गणपतीत रात्री आरती-भजन आटोपलं की आम्ही मुलं ओटीवर तीन पत्ती खेळायचो, पैसे म्हणून चिंचोके. चिंचोके गुळगुळीत, एकावर एक राहतच नाहीत, त्यामुळे जिंकणाऱ्यापुढे साचायचा तो ढीग. पोकरच्या चिप्स तशा नसतात. त्या सारख्या जाडीच्या गोल चकत्या, एकावर एक नीट रचलेल्या, समोरच्याने नुसतं बघून अंदाज घ्यावा अशा. नाण्यांच्या अशा रचलेल्या खांबाला मराठीत नेमका शब्द आहे, चळत. रुपयांची चळत, ताटांची चळत. भाकऱ्यांची चवड असते, विटांची आणि पोत्यांची थप्पी असते, नोटांची थप्पीही चालते, पण नाण्यासारख्या वस्तूला चळतच. स्टॅक म्हणजे चळत, मोठी चळत, छोटी चळत. मला तर वाटतं हा शब्द पोकरसाठीच राखून ठेवला होता.

आता दादागिरी. दादा म्हणजे गल्लीतला दादा, आणि त्याची मुख्य गोष्ट अशी की धमकी देताना त्याला स्वतःचं काही लावावं लागत नाही, समोरचा घाबरला की काम झालं. दांडगाईचं तेच, बळी तो कान पिळी. पोकरमध्ये हे बसत नाही, कारण तिथे टेबलावर समोर जेवढं आहे तेवढंच डावात लावता येतं, खिशातून आणखी काढून समोरच्याला दाबता येत नाही. म्हणजे तुझ्याकडे १,२०,००० च्या चिप्स आहेत आणि समोरच्याकडे ३०,०००, तर तुमच्या दोघांतला डाव ३०,००० चाच, तुझे वरचे ९०,००० त्या डावापुरते नुसते बसून आहेत. घरच्या तीन पत्तीत मात्र असा नियम सहसा नसतो, चाल दुप्पट करत करत ज्याचा खिसा खोल तो बाकीच्यांना पॅक व्हायला लावतो. तिथे खुशाल दादागिरी म्हण, पैशाचा माजही म्हण.

मग ते बसून असलेले ९०,००० करतात काय? याचं उत्तर आपल्या एका रोजच्या वाक्प्रचारात आहे. पुरून उरणे. "ती एकटी सगळ्या सासरला पुरून उरली" असं आपण म्हणतो. इथलं पुरणं म्हणजे जमिनीत पुरणं नव्हे, पुरेसं होणं. समोरच्याला पुरायचं आणि वर उरायचं. पोकरवाले ज्याला कव्हर करणं म्हणतात ते शब्दशः हेच आहे! हरलास तर तू स्पर्धेतून बाहेर, मी हरलो तर माझ्याकडे उरतात. सगळी भीती या उरण्यातून येते आणि म्हणून ती स्पर्धेतच जास्त चालते, जिथे चिप्स संपल्या की खुर्ची सोडावी लागते. कॅश गेममध्ये, म्हणजे जिथे चिप्स थेट खऱ्या पैशांच्या असतात तिथे, संपल्या तर माणूस परत विकत घेऊन बसतो, तिथे मोठ्या चळतीचा तेवढा धाक नसतो.

आणि आता क्रियापद, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रेटणे. रेटून खेळणे. गर्दीचा रेटा असतो तसा सतत, न थांबता लावलेला जोर. आक्रमक खेळ हा शब्द चुकीचा नाही, पण तो क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून इतका झिजलाय की त्यातून काही दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना असल्याचा आव आणणं, नाही. रेटण्यात आहे. "खोटं बोल पण रेटून बोल" ही म्हण आठव. त्यातला रेटून हा शब्द नुसता जोर सांगत नाही, हातात काही नसताना लावलेला जोर सांगतो. बिग स्टॅकवाला दर दुसऱ्या डावाला हेच तर करत असतो.

जवळून बघायचं तर असं. बक्षिसाची रांग सुरू व्हायला दोनच माणसं बाद व्हायची आहेत. ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांना पत्ते बघण्याआधीच सक्तीने लावावी लागणारी रक्कम, १,००० आणि २,०००. मोठ्या चळतीवाल्याच्या हातात चौकट नव्वी आणि इस्पिक सत्ती, म्हणजे फारसं काही नाही. तो ५,००० लावतो. मध्ये आहेत ३,०००. म्हणजे ३,००० साठी ५,००० ची जोखीम, त्यामुळे आठातून पाचपेक्षा जास्त वेळा सगळ्यांनी पत्ते टाकले तर पुढे काही न खेळताच तो फायद्यात. आणि ते टाकतात, कारण ३०,००० वाला विचार करतो की आता भिडलो आणि हरलो तर इतके तास बसून रिकाम्या हाताने घरी. पत्ते कोणी बघितलेच नाहीत. रेटून बोलला, खपलं.

पण रेटा सगळ्यांवर चालत नाही. ज्याच्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या चार-पाच पटच चिप्स उरल्यात तो कशाला घाबरेल, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. तो उलट कुठल्याही बऱ्या पानावर सगळं लावून मोकळा होतो, आणि त्याला रेटायला गेलेला आपल्याच चिप्स वाटत बसतो. रेटा खरा बसतो तो मधल्या चळतींवर, ज्यांच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे.

खरं उदाहरण द्यायचं तर लास वेगासची २००६ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मुख्य स्पर्धा. ८,७७३ खेळाडू, प्रत्येकाला सुरुवातीला १०,००० चिप्स. जेमी गोल्ड चौथ्या दिवसापासून सगळ्यात पुढे आणि शेवटपर्यंत तिथेच. तो समोरच्याशी सतत बोलायचा, कधी खोटं, कधी चक्क खरं, आणि ऐकणाऱ्याला कळायचं नाही आता कुठलं. शेवटच्या डावात त्याच्याकडे राणी आणि नव्वी, समोर पॉल वासिकाकडे दोन दश्श्या. टेबलाच्या मध्ये उघडलेल्या, सगळ्यांसाठी सामाईक असलेल्या पानांत राणी आली, गोल्डची राण्यांची जोडी झाली, वासिका भिडला आणि हरला. १ कोटी २० लाख डॉलर गोल्डला. मला इथे रेटून खेळण्याचा दुसरा फायदा दिसतो, इतके दिवस रेटल्यावर खरोखर पान आलं तरी समोरच्याला वाटतं हा रेटतोच आहे. दादागिरी या शब्दात हे कुठे बसवणार?

बाकीचे शब्द थोडक्यात. शिरजोर हे माणसाचं विशेषण म्हणून छान आहे, चळत वाढली की माणूस शिरजोर होतो, पण ते स्वभावाचं वर्णन झालं, चालीचं नाही. अंगावर येणे बोलताना मी सर्रास वापरतो, "तो दर डावाला अंगावर येतोय", लिखाणातही चालेल. दामटणे मात्र नको, कारण घोडं दामटणारा समोर कोण आहे ते बघत नाही आणि चांगला रेटणारा आधी तेच बघतो. घाबरलेल्या बाजूसाठी कोंडी वापर, मधल्या चळतींची कोंडी होते.

तुझं वाक्य मी असं लिहीन: "त्याची चळत टेबलावरच्या प्रत्येकाला पुरून उरणारी होती, म्हणून तो दर डाव रेटून खेळत होता." आणि अनेकवचन विचारशीलच, तर चळती.