जुन्या गाडीचा मागचा ब्रेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल भांडं) अडकलाय, कसा काढू?

हँडब्रेक सोडलाय ना? पुढच्या चाकांना दगड लावा आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या, मगच हात घाला. वर्षानुवर्षं झिजून ड्रमच्या आतल्या कडेला धार उभी राहते आणि ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे) तिला अडकतात. म्हणून आधी ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) सैल करा. तरीही हलेना, तर ड्रमवर आट्यांची दोन भोकं आहेत का पाहा. त्यांत बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळले की ड्रम बाहेर सरकतो. कडेवर हातोडा मारू नका, ड्रमचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. आतली धूळ हवेने अजिबात उडवू नका! जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.